एसएमडी हाताने होते, घरच्या बोर्डावरही होते

इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत, प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेत, पुण्याच्या तपकीर गल्लीत नाहीतर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या काउंटरपाशी एक सल्ला हमखास ऐकायला मिळतो. ‘सरफेस माउंट (एसएमडी) म्हणजे मशीनचं काम. हाताने त्याच्या नादी लागू नका. आणि घरी एचिंग केलेल्या बोर्डावर तर विचारसुद्धा करू नका.’ सांगणारा अनुभवी असतो, ऐकणारा नवखा, त्यामुळे वाद होत नाही. विद्यार्थी मुकाट्याने त्याच कामाची, छिद्रांतून पिना घालून बसवायची (थ्रू-होल) डीआयपी आयसी शोधायला लागतो आणि ती मिळाली नाही तर प्रोजेक्टच बदलतो. हा सल्ला चुकीचा आहे. तो दरवर्षी नव्या मुलांच्या गळी उतरवला जातो, याची मला चीड येते. म्हणून हा प्रतिवाद.

आधी समोरच्याची बाजू त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडू. पहिला आक्षेप हाताचा. ०६०३ मापाचा रेझिस्टर १.६ मिलिमीटर लांब आणि ०.८ मिलिमीटर रुंद असतो. आजकालच्या बऱ्याच मायक्रोकंट्रोलरच्या दोन पिनांमधले अंतर, एका पिनेच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत, ०.५ मिलिमीटर असते. माणसाचा हात थरथरतो; इतक्या बारीक जागी तो चुकणारच. दुसरा आक्षेप बोर्डाचा. घरच्या बोर्डावर हिरवा सोल्डर मास्क नसतो, छिद्रांच्या आत तांब्याचा मुलामा नसतो, त्यामुळे सोल्डर वाटेल तिकडे पसरून शॉर्ट होणार. तिसरा आक्षेप गरजेचा. नकाशा पाठवला की कारखान्यातून पाच सुबक बोर्ड स्वस्तात येतात, मग घरी हात काळे कशाला करायचे? चौथा आक्षेप शिकण्याच्या क्रमाचा. आधी थ्रू-होल नीट येऊ दे, एसएमडीने पोर बिचकेल. चारही आक्षेपांत थोडेथोडे तथ्य आहे. म्हणूनच ते उडवून न लावता एकेक करून तपासले पाहिजेत.

हाताचा आक्षेप सर्वांत जुना आणि सर्वांत पोकळ आहे, कारण सोल्डरिंग कसे घडते याबद्दलचा एक गैरसमज त्याच्या मुळाशी आहे. प्रत्येक पिनेवर सोल्डरचा थेंब नेमका नेऊन ठेवायचा असतो, असे हा आक्षेप धरून चालतो. तसे असते तर काम खरोखर अशक्य होते. पण वितळलेले सोल्डर स्वच्छ तांब्याला आणि कथिलाचा मुलामा असलेल्या पिनेला धरते. बोर्डाच्या फायबरग्लासला आणि आयसीच्या काळ्या प्लास्टिकला ते धरत नाही. त्याचा पृष्ठताण त्याला जिथे धातू आहे तिथे ओढतो आणि जिथे धातू नाही तिथून मागे खेचतो. कोणते सोल्डर कोणत्या पिनेवर बसायचे हे तुमचा हात ठरवत नाही, धातू आणि पृष्ठताण ठरवतात. कारखान्यातल्या रिफ्लो ओव्हनमध्येही हेच घडते. तिथे मशीनने भाग किंचित तिरका ठेवला तरी सोल्डर पेस्ट वितळली की तोच पृष्ठताण भागाला ओढून पॅडवर सरळ बसवतो. ज्या नियमाच्या भरवशावर मशीन चालते, तो तुमच्या टेबलावरही लागू आहे.

या नियमाला एकच अट आहे, ती म्हणजे फ्लक्स. तांब्यावर आणि सोल्डरवर हवेने ऑक्साईडचा पापुद्रा धरतो, आणि तो असेपर्यंत सोल्डर गोळा होऊन बसते, पसरत नाही. फ्लक्स तो पापुद्रा काढतो. सोल्डरच्या तारेच्या पोटात फ्लक्स असतो, पण तो काही सेकंदांत जळून धूर होतो. हाताने एसएमडी जोडताना ज्यांचे शॉर्ट होतात, त्यांतल्या बहुतेकांनी वेगळा फ्लक्स लावलेलाच नसतो. मग शॉर्ट झाला की ते हाताला दोष देतात.

प्रत्यक्ष काम जवळून पाहा. घरी केलेल्या बोर्डावर एटीमेगा ३२८पी लावायची आहे, टीक्यूएफपी पॅकेजमधली. बत्तीस पिना, चार बाजूंना आठ-आठ, दोन पिनांत ०.८ मिलिमीटरचे अंतर. आयसीवरचा ठिपका बोर्डावरच्या एक नंबरच्या खुणेशी जुळवायचा, चिमट्याने आयसी सरकवत चारही बाजूंच्या पिना पॅडवर आणायच्या आणि कोपऱ्यातली एकच पिन सोल्डरच्या कणाने टाचायची. मग भिंगातून चारही बाजू बघायच्या. तिरकी असेल तर ती एक पिन पुन्हा गरम करून आयसी हलवता येते, कारण अजून काहीच पक्के झालेले नाही. सरळ असेल तर समोरच्या कोपऱ्यातली पिन टाचायची. आता आयसी हलणार नाही. पिनांच्या ओळीवर जेल फ्लक्सची सढळ रेघ ओढायची, चपट्या बिटवर थोडे सोल्डर घ्यायचे आणि बिट पिनांच्या टोकांना टेकवून सावकाश एका बाजूने दुसरीकडे ओढत न्यायची. फ्लक्स उकळतो, सोल्डर प्रत्येक पिनेखाली शिरते आणि बिट पुढे गेली की मागे पिना एकेक सुट्ट्या होत जातात. उरलेले सोल्डर ओळीच्या शेवटच्या दोन-तीन पिनांत साठते. ते पुसलेल्या बिटने उचलायचे किंवा तांब्याची विणलेली विक लावून शोषून घ्यायचे. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घेऊन बोर्ड घासायचा, भिंगाखाली बघायचा आणि शेजारच्या पिनांत मल्टिमीटर लावून बीप वाजत नाही याची खात्री करायची. या सगळ्यात मिलिमीटरच्या दशांशाइतकी अचूकता हाताला फक्त एकदा लागली, आयसी सरळ करताना. तीही चुकली तर सुधारता येत होती.

इथे हत्याराचा मुद्दा येतो. बारीक कामाला बारीक बिट, असे समजून मुले सुईसारख्या टोकाची बिट घेतात आणि तिथेच फसतात. पोळी उलथन्याऐवजी सुईने उलटवायला जावे तसे ते होते. टोकाला धातू इतका थोडा असतो की पॅडला टेकताच तो थंड होतो. उष्णता पुरत नाही म्हणून मुलगा तापमान वाढवतो, बिट दाबतो, आणि मग पॅड उचकटतो. दोन-तीन मिलिमीटरची चपटी किंवा तिरकी कापलेली बिट ३२० ते ३५० अंश सेल्सिअसवर ठेवली की ती झटकन उष्णता देते आणि झटकन बाजूला होते. त्रेसष्ट टक्के कथिल आणि सदतीस टक्के शिसे असलेले सोल्डर १८३ अंशांना वितळते, तेही मधल्या लापशीच्या अवस्थेत न रेंगाळता एकदम. शिसेविरहित सोल्डरला २१७ अंशांच्या पुढे जावे लागते. शिकताना कोणते घ्यावे, हे या आकड्यांवरूनच ठरते.

आणि हात थरथरण्याचे म्हणाल, तर तो बहुतेक वेळा डोळ्याचा दोष असतो. जे नीट दिसत नाही तिथे हात चाचपडतो. मनगट टेबलावर टेकवा, डोक्याला लावायचे भिंग घ्या आणि पुरेसा उजेड ठेवा. तोच हात शांत होतो. ज्यांना हे पटत नाही त्यांनी आपल्या तालुक्याच्या बाजारपेठेतल्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात जाऊन उभे राहावे. तिथे दहावी-बारावी झालेला तरुण मायक्रोस्कोपखाली ब्लोअरने चार्जिंगची आयसी काढतो, पॅड साफ करतो, उखडलेल्या पॅडच्या जागी केसाएवढ्या इनॅमलच्या तारेचा जंपर मारतो आणि फोन चालू करून देतो. फोनच्या बोर्डावरचे रेझिस्टर ०६०३च्या मानाने धुळीच्या कणासारखे असतात. हे काम महाराष्ट्रात गावोगाव, रोज, पैसे घेऊन केले जाते. त्याच गावातल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला मात्र आपण सांगतो की हाताने होत नाही. बाजारपेठेतल्या कारागिराने कधीच खोटे ठरवलेले विधान प्रयोगशाळा अजून शिकवत असेल, तर लाज प्रयोगशाळेला वाटायला हवी.

आता बोर्डाकडे वळू. घरचा बोर्ड आणि एसएमडी यांचे जमत नाही, असे म्हणणाऱ्यांनी घरचा बोर्ड करण्यातले सर्वांत कष्टाचे काम कोणते हे आठवून पाहावे. टोनर ट्रान्सफरने छाप उठवणे जमून जाते, फेरिक क्लोराईडमध्ये बोर्ड हलवत बसणेही जमून जाते. अंगावर येते ते ड्रिलिंग. थ्रू-होलच्या बोर्डावर एका अठ्ठावीस पिनांच्या आयसीला अठ्ठावीस छिद्रे, प्रत्येक रेझिस्टरला दोन, प्रत्येक ट्रान्झिस्टरला तीन. ०.८ मिलिमीटरचे ड्रिल ग्लास इपॉक्सीने लवकर बोथट होते, कार्बाइडचे घेतले तर जरा तिरके झाले की मोडते, आणि छिद्र पॅडच्या मध्यावरून सरकले की पॅडच अर्धा उरतो. एसएमडीचा भाग तांब्याच्याच बाजूला बसतो. छिद्र पाडायचेच नाही. कनेक्टर आणि स्क्रूपुरती चार-सहा छिद्रे पाडली की काम संपले. घरी बोर्ड करणाऱ्याला एसएमडीइतकी सोय दुसरी कोणतीच नाही.

दुसरी सोय ट्रॅकची. घरी बहुतेक बोर्ड एकाच बाजूचे असतात आणि एका बाजूवर ट्रॅक एकमेकांना ओलांडू शकत नाहीत. १२०६ मापाच्या रेझिस्टरच्या दोन पॅडमध्ये दीड मिलिमीटरपेक्षा जास्त जागा असते. तिच्यातून ०.३ मिलिमीटरचे दोन ट्रॅक सहज जातात. जिथे ओलांडण्याशिवाय गत्यंतर नाही, तिथे शून्य ओहमचा रेझिस्टर लावला की तो पुलाचे काम करतो. छिद्रांतल्या मुलाम्याची उणीव थ्रू-होलच्या दुबाजू बोर्डाला जास्त जाचते. तिथे आयसीच्या पिना वरून आणि खालून, दोन्हीकडून सोल्डर कराव्या लागतात, आणि सॉकेट लावला असेल तर वरची बाजू बिटला दिसतसुद्धा नाही.

सोल्डर मास्क नसतो, हे मात्र खरे आहे. सोल्डर पॅडवरून ट्रॅकवर वाहते आणि शेजारी तांबे जवळ असेल तर पूल बांधते. पण हा दोष नकाशा काढतानाच निम्मा मिटवता येतो. आयसीच्या पिनेचा ट्रॅक पॅडमधून सरळ बाहेर काढावा. दोन शेजारच्या पिना एकमेकींना जोडायच्या असल्या तरी त्यांच्यामधून थेट आडवा ट्रॅक टाकू नये, बाहेरून वळवून आणावा. नाहीतर भिंगाखाली तो जोड शॉर्टसारखा दिसतो आणि तपासणारा गोंधळतो. ग्राउंडचे पसरट तांबे पॅडपासून अर्धा मिलिमीटर तरी लांब ठेवावे, आणि ज्या पॅडला ग्राउंड जोडायचे तिथे ते बारीक पट्ट्यांनी जोडावे, म्हणजे सगळी उष्णता तांब्यात निघून जाणार नाही. एचिंग झाल्यावर तांबे घासून चकचकीत करावे आणि राळ आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये विरघळवून तिचा पातळ हात ब्रशने फिरवावा. त्याने तांबे काळे पडत नाही, आणि तोच थर सोल्डर करताना फ्लक्सचे काम करतो. बोर्ड तपकिरी फिनॉलिकचा न घेता ग्लास इपॉक्सीचा घ्यावा, कारण बारीक पॅडला उष्णतेत धरून ठेवण्याची ताकद त्याच्यात जास्त असते.

खरा घात होतो तो वेगळ्याच ठिकाणी, आणि त्याबद्दल विद्यार्थ्याला कोणी बजावत नाही. थ्रू-होलच्या बोर्डावर तांबे खालच्या बाजूला असते. नकाशा वरून पाहिल्यासारखा काढलेला असतो, आणि कागदावरचा टोनर बोर्डावर उलटा उमटतो, म्हणून छपाई सरळच करायची. एसएमडीचे भाग आणि तांबे एकाच बाजूला असतात. तिथे छपाई आरशातल्यासारखी उलटी करावी लागते. हे विसरले की बोर्ड दिसायला निर्दोष होतो, पण आयसीच्या पिना उलट्या क्रमाने येतात आणि काहीही चालत नाही. अशा बोर्डाकडे बघून ‘बघा, सांगितलं होतं, एसएमडी घरी होत नाही’ म्हणणारे कितीतरी भेटतात. दोष प्रिंटरच्या एका खुणेचा असतो.

तर मग मर्यादा कुठे आहे? टोनर ट्रान्सफरने ०.२५ ते ०.३ मिलिमीटरचे ट्रॅक भरवशाचे होतात. म्हणजे १.२७ मिलिमीटर अंतराच्या पिनांची एसओआयसी आणि ०.८ मिलिमीटरची टीक्यूएफपी सहज बसते, ०.६५ मिलिमीटरची टीएसएसओपी नीट लक्ष दिले तर बसते. ०.५ मिलिमीटरला ड्राय फिल्म आणि अतिनील दिव्याची पद्धत बरी. ज्या आयसीच्या पिना पोटाखाली गोळ्यांच्या रूपात असतात, त्या बीजीएचा हट्ट घरच्या एकबाजू बोर्डावर धरू नये. तिच्या आतल्या ओळींचे ट्रॅक बाहेर काढायलाच जागा नसते. क्यूएफएनच्या पोटातला पॅड मात्र जोडता येतो. त्याच्या मध्यभागी बोर्डाला छिद्र पाडून मागच्या बाजूने सोल्डर भरायचे. मोठ्या मापाच्या सिरॅमिक कपॅसिटरच्या अंगाला तापलेली बिट थेट लावू नये, उष्णतेच्या धक्क्याने त्याला बाहेरून न दिसणारी चीर जाते. बिट पॅडला लावावी आणि सोल्डर वाहत भागापर्यंत येऊ द्यावे. मर्यादा ही अशी आहे. ती नेमकी सांगता येते आणि शिकवता येते. ‘होत नाही’ या दोन शब्दांत ती कोंबली, की शिकणाऱ्याला पुढे पाऊल टाकायला जागाच उरत नाही.

आता ‘बाहेरून मागवा’ या आक्षेपाकडे. कारखान्यातला बोर्ड उत्तम असतो, यात शंका नाही. चार थरांचा बोर्ड हवा असेल, शंभर नग करायचे असतील, ग्राहकाच्या हाती द्यायचे असेल तर तो तिथूनच घ्यावा. पण बोर्ड स्वस्त असला तरी कुरियर आणि सीमाशुल्क धरून तो स्वस्त राहतोच असे नाही, आणि वाट पाहावी लागते ती वेगळीच. पहिला नकाशा क्वचितच बरोबर येतो. चुकीच्या नकाशाचे पाच सुबक बोर्ड हातात पडले की पाचही चुकीचे असतात. घरी सकाळी छापलेला बोर्ड संध्याकाळी चालू होतो, चूक कळते आणि दुसऱ्या दिवशी सुधारलेला बोर्ड टेबलावर असतो. नकाशा, तांबे, सोल्डर, चूक, पुन्हा नकाशा, हा फेरा जितक्या लवकर पुरा होईल तितके डिझाइन लवकर शिकून होते. दोन आठवडे वाट बघणाऱ्या मुलाला आपण नेमके कुठे चुकलो हे आठवेपर्यंत सत्र संपते.

शिवाय मागवलेला बोर्डही कोरा असतो. त्याच्यावर भाग कोण लावणार? असेंब्लीही करून घेतली, तरी कारखान्याच्या साठ्यात नसलेला भाग स्वतःच लावावा लागतो. एखादी किंमत बदलायची झाली तर रेझिस्टर काढून दुसरा लावावा लागतो, जळालेली आयसी बदलावी लागते. एसएमडी मशीनचे काम आहे असे म्हणणाऱ्या उद्योगातच आयपीसी ७७११ आणि ७७२१ ही मानके लिहिली गेली, ती बोर्डावरचे भाग बदलण्याची आणि बोर्ड दुरुस्त करण्याची. त्यांत हाताने करायच्या कृती पायरीपायरीने दिल्या आहेत. मशीनमधून बाहेर पडलेल्या बोर्डालाही शेवटचा हात माणसाचाच लागतो.

मॉड्यूल जोडून काम भागते, असेही सांगितले जाते. भागते, पण कुठपर्यंत? तारेच्या दर मिलिमीटरला साधारण एक नॅनोहेन्री इंडक्टन्स येतो. ब्रेडबोर्डवर दहा सेंटिमीटरच्या जंपरच्या टोकाला लावलेला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर म्हणूनच आयसीला वेळेवर करंट देऊ शकत नाही. स्विचिंग रेग्युलेटरच्या डेटाशीटमध्ये भाग एकमेकांच्या किती जवळ हवेत याचे चित्र असते, ते उगीच नाही. आयसीच्या पिनेपासून दोन मिलिमीटरवर सोल्डर केलेला एसएमडी कपॅसिटर जे करतो, ते कोणत्याही ब्रेडबोर्डला साधत नाही. विद्यार्थ्याने हे वाक्य पुस्तकात वाचण्यापेक्षा स्वतःच्या बोर्डावर ऑसिलोस्कोप लावून बघावे.

इथे एक प्रसंग सांगितल्याशिवाय राहवत नाही. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाच्या एका मुलीने बॅटरी चार्जर आणि मायक्रोकंट्रोलर यांचा छोटा बोर्ड स्वतः एचिंग करून, सगळे एसएमडी भाग हाताने लावून प्रोजेक्ट म्हणून ठेवला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी बोर्ड उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, ‘कुठून करून आणलास?’ ती म्हणाली, ‘सर, मीच केलाय. घरी.’ त्यांचा विश्वास बसला नाही. पुढचे सगळे प्रश्न तो बोर्ड कोणी करून दिला, या संशयाभोवती फिरत राहिले. चार्जरचा करंट किती ठेवला, तो का निवडला, बोर्ड तापतो का, यातले काहीच विचारले गेले नाही. एसएमडी हाताने होत नाही या समजुतीची किंमत अशी मोजली जाते. जो स्वतः करतो त्याच्यावर नक्कल केल्याचा संशय, आणि जो तयार मॉड्यूल तारांनी जोडून आणतो तो प्रामाणिक. तिच्या कामावर झालेला हा अन्याय मला अजून बोचतो.

शेवटचा आक्षेप क्रमाचा, आधी थ्रू-होल येऊ दे. थ्रू-होल यायला हवेच; कनेक्टर, रिले, मोठे कपॅसिटर त्यातच असतात. पण ते सोपे आणि एसएमडी अवघड, ही विभागणी मला मान्य नाही. चुकून उलटी लावलेली सोळा पिनांची डीआयपी आयसी काढून बघा. सोळाही छिद्रांतले सोल्डर शोषून घेईपर्यंत दोन-चार पॅड उचकटलेले असतात. उलटा लागलेला १२०६चा एलईडी काढायचा तर दोन्ही टोकांवर थोडे सोल्डर देऊन आळीपाळीने बिट लावली की तो बिटला चिकटून येतो, पॅड जागेवर राहतात. चूक दुरुस्त करणे जिथे सोपे, तिथून शिकायला सुरुवात करणे शहाणपणाचे. आधी १२०६, मग ०८०५, मग एसओआयसी, मग ०.८ मिलिमीटरची टीक्यूएफपी. हा चढ कोणालाही चढता येतो. खरी शिस्त लागते ती भाग सांभाळण्यात. रेझिस्टरवर १०३ लिहिलेले असते, म्हणजे दहा किलोओहम. पण सिरॅमिक कपॅसिटरवर काहीच लिहिलेले नसते. एका वेळी एकाच किमतीची पट्टी उघडायची, लावून झाली की मिटायची, ही सवय पहिल्या दिवसापासून लावावी.

आणि थ्रू-होलपाशीच थांबू म्हटले, तरी बाजार थांबू देत नाही. लिथियम बॅटरी चार्ज करणारी टीपी४०५६ आठ पिनांच्या एसओपीमध्ये येते, यूएसबी जोडणारी सीएच३४०जी सोळा पिनांच्या एसओपीमध्ये, तापमान, आर्द्रता आणि हवेचा दाब मोजणारा बीएमई२८० अडीच मिलिमीटर चौरस एलजीएमध्ये. यांतली एकही डीआयपीमध्ये मिळत नाही. एसएमडीला नकार देणारा विद्यार्थी आजच्या सेन्सरांना आणि आजच्या पॉवर आयसींना नकार देतो, मग त्याने डिझाइन तरी कशाचे करायचे?

तब्येतीची भीती घालणाऱ्यांनाही उत्तर दिले पाहिजे. सोल्डरिंगच्या धुरात शिसे असते असा समज आहे. शिसे १७४९ अंशांना उकळते. ३५० अंशांच्या बिटवर त्याची वाफ नगण्य असते. शिसे पोटात जाते ते बोटांवरून, म्हणून काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत आणि टेबलावर चहा-नाश्ता ठेवू नये. धूर असतो तो फ्लक्सचा. राळेच्या धुराने दम्याचा त्रास होऊ शकतो, म्हणून तो नाकापासून दूर ओढणारा छोटा पंखा हवाच. वापरून झालेल्या फेरिक क्लोराईडमध्ये तांबे विरघळलेले असते, आणि ते पाण्यातल्या जिवांना मारक असते. ते मोरीत ओतणे अक्षम्य आहे. धुण्याचा सोडा घालून गाळ बसू द्यावा आणि तो गाळ रासायनिक कचऱ्यातच द्यावा. काळजी घेऊन करायचे काम आणि करू नये असे काम, या दोहोंत फरक आहे. गॅसच्या शेगडीबाबत आपण तो रोज पाळतो.

मागणी साधी आहे. प्रत्येक डिप्लोमा आणि पदवीच्या प्रयोगशाळेत तापमान नियंत्रित स्टेशन, चपट्या बिट, जेल फ्लक्स, विक, चिमटे आणि भिंगाचा दिवा असावा. एका ऑसिलोस्कोपच्या पैशांत यातली कित्येक बाके सजतात. पहिल्या सत्रात प्रत्येकाने एकबाजू बोर्ड स्वतः छापावा, स्वतः एचिंग करावा आणि त्यावर निदान एक एसओआयसी आणि काही १२०६ भाग स्वतः लावावेत. तोंडी परीक्षेत बोर्ड कुठून आणला याऐवजी हा ट्रॅक असा का वळवला, हे विचारले जावे. शिकवणाऱ्यांनीही आधी स्वतःच्या हाताने हे करून बघावे, कारण ‘होत नाही’ म्हणणाऱ्यांतल्या बहुतेकांनी ते कधी नीट साहित्य घेऊन करून पाहिलेले नाही.

ज्याला स्वतःच्या हाताने बोर्डावर आयसी लावता येत नाही, तो दुसऱ्याने ठरवलेल्या मॉड्यूलच्या बाहेर विचार करू शकत नाही. त्याला जे तयार मिळते तेवढ्यातूनच निवड करावी लागते, आणि जे मिळत नाही ते त्याच्या कल्पनेतूनही गळून पडते. आपण मुलांना निवड करणारे करायचे की घडवणारे, असा हा प्रश्न आहे. म्हणून ज्यांना अजूनही एसएमडी हाताने होत नाही असे म्हणायचे आहे, त्यांनी ओळीवर फ्लक्स लावावा, चपटी बिट घ्यावी, एक आयसी स्वतः ओढून पाहावी. त्यानंतरही एखाद्या विद्यार्थ्याला ‘नको’ म्हणावेसे वाटले, तर ते त्यांनी कारण देऊन म्हणावे.